स्वस्तातला होम थिएटर पीसी : एक नागपुरी इतिहास

घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की नातेवाईकांच्या लेखी तो हार्डवेअरवालाही असतो. तुम्ही ऑफिसात जावा लिहिता की कोबॉल, याच्याशी कोणालाच घेणंदेणं नसतं. "अरे, टीव्हीला जोडायला एखादा स्वस्तातला कॉम्प्युटर सांग ना" हा प्रश्न मला मामांनी, आत्यांनी, शेजारच्या काकांनी आणि एकदा तर मंगल कार्यालयात वाढायला आलेल्या मुलानेही विचारलाय. गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर दर तीन-चार वर्षांनी बदलत गेलं. म्हटलं, या शनिवारी त्या बदलांचाच इतिहास लिहून काढू.

मंडळी, आधीच सांगतो, इथे "सर्वोत्तम दहा" वगैरे यादी मिळणार नाही. तशा याद्या परदेशी मासिकांत ढिगाने यायच्या आणि नागपुरात त्यांचा फारसा उपयोग व्हायचा नाही. कारण माझ्या मते इथलं स्वस्त यंत्र तीन प्रश्नांवर ठरत आलंय. चित्र घरात कुठून येतं? त्याची घडी कोण उलगडतं? आणि ते यंत्र मे महिन्यात तगतं का? प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी थोडं गणित

"घडी" म्हणजे काय ते आधी पाहू. व्हीसीडीचं चित्र असतं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण १ लाख ठिपके. अशी सेकंदाला २५ चित्रं. ती जशीच्या तशी सीडीवर लिहिली तर एका सीडीत जेमतेम तीन मिनिटं मावतील. प्रत्यक्षात मावतात ७४ मिनिटं. कारण दोन चित्रांमध्ये जे बदललं तेवढंच लिहायचं, डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून द्यायचे, अशा युक्त्यांनी चित्राची घडी घातलेली असते. बघताना ती घडी उलगडावी लागते, सेकंदाला २५ वेळा, न चुकता.

डीव्हीडीचे ठिपके ४ लाख १४ हजार, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट. फुल एचडीचे २० लाख ७३ हजार, म्हणजे वीसपट. आणि ४के म्हणजे ८३ लाख, जवळजवळ ऐंशीपट. त्यात घड्या घालायच्या पद्धतीही दर पिढीत जास्त किचकट होत गेल्या.

हे उलगडायचं काम दोन प्रकारे होतं. एक तर मुख्य प्रोसेसर करतो, नाहीतर त्याच एका कामासाठी घडवलेलं वेगळं सर्किट करतं. प्रोसेसर म्हणजे आचारी, सांगाल ते करेल, पण पगार जास्त आणि चूलही मोठी लागते. वेगळं सर्किट म्हणजे चकलीचा सोऱ्या. चकलीशिवाय काही करत नाही, पण स्वस्त, आणि कधी दमत नाही. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या आचाऱ्याची आणि सोऱ्याची आलटून पालटून सरशी आहे.

व्हीसीडी : गरिबांचं थिएटर

व्हीसीडीचं मानक १९९३ चं. त्याच वर्षी चीनमध्ये हफेई शहरातल्या वान्यान नावाच्या कंपनीने घरगुती व्हीसीडी प्लेअर आणला. आत सी-क्यूब या अमेरिकन कंपनीची, घडी उलगडणारी चिप. अमेरिका-युरोपने व्हीसीडीला फारसं विचारलं नाही. तिकडे घरोघरी व्हिडिओ कॅसेट होती आणि पुढे डीव्हीडी येणार हे दिसत होतं. पण चीन, मग आग्नेय आशिया, मग आपण, असं हे लोण पसरलं. साधी सीडीच वापरायची असल्याने डिस्क स्वस्त, आणि चिपा प्रचंड संख्येने बनायला लागल्यावर प्लेअरही स्वस्त.

आपल्याकडे त्याच सुमारास घरात कॉम्प्युटर शिरत होता. १९९७ साली पेंटियम एमएमएक्स आला तोवर प्रोसेसर इतके वेगवान झाले होते की व्हीसीडीची घडी आचारी एकटाच, कार्ड-बिर्ड न लावता उलगडायचा. त्यामुळे "मल्टिमीडिया पीसी" या भारदस्त नावाने जो विकला जायचा, म्हणजे सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन टिनपाट स्पीकर, तोच आमचा पहिला होम थिएटर पीसी. पंधरा इंची मॉनिटर, घरातले सहा जण आणि दर तासाभराने "डिस्क बदल रे". हिंदी सिनेमा दोन किंवा तीन डिस्कमध्ये यायचा, त्यामुळे मध्यंतर कुठे घ्यायचं हे दिग्दर्शकाऐवजी डिस्क ठरवायची.

डीव्हीडी : कार्ड घ्यावं की प्रोसेसर?

डीव्हीडी जपानात १९९६ च्या अखेरीस आली. आपल्याकडे ती कॉम्प्युटरवर बघायची म्हटलं की आचाऱ्याला घाम फुटायचा. मग १९९८-९९ च्या सुमारास दोन वाटा होत्या. एक, क्रिएटिव्हचं डीएक्सआर ३ किंवा सिग्मा डिझाइन्सचं हॉलिवूड प्लस यासारखं डीकोडर कार्ड. दोन, वेगवान प्रोसेसर.

याच काळात, ऑगस्ट १९९८ मध्ये, इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. कागदावर ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर, पण मदरबोर्डची बस ६६ वरून १०० वर नेली की पठ्ठ्या ४५० वर पळायचा. जगभरच्या काटकसरी लोकांचा हा लाडका. पाठोपाठ १९९९ मध्ये इंटेलचा ८१० चिपसेट आला. त्यात ग्राफिक्स मदरबोर्डवरच, आणि डीव्हीडीच्या उलगडण्यातलं "मोशन कॉम्पेन्सेशन" हे वेळखाऊ काम ते ग्राफिक्स स्वतःकडे घ्यायचं. म्हणजे सोऱ्या आता वेगळा विकत घ्यायची गरज नाही, बोर्डवरच येतोय. दोन-तीन वर्षांत डीकोडर कार्डं दुकानातून दिसेनाशी झाली.

स्वस्ताईला सरकारी बाजूही होती. माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरचं आयात शुल्क काढून टाकायच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला, आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटरचे सुटे भाग, हार्ड डिस्क, मदरबोर्ड वगैरेंवरचं मूळ सीमाशुल्क शून्यावर आलं. टीव्ही संच मात्र त्या यादीत नव्हता. मोठा टीव्ही महाग, मॉनिटर त्या मानाने स्वस्त. मॉनिटरलाच टीव्ही बनवायची आपल्याकडची हौस काही नुसती हौस नव्हती, त्यात करांचाही हात होता.

बर्डीवरच्या दुकानात मात्र एवढं सगळं कोणी सांगत नसे. तिथे एक छापील कोटेशन मिळायचं, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस, आणि खाली पेनाने लिहिलेली बेरीज. भाव जास्त का असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "माल मुंबईहून येते भाऊ, वरून जकात." आणि ते खोटंही नव्हतं. नागपूर महापालिकेची जकात २०१३ पर्यंत होती.

कूलरच्या समोर प्रोसेसर

आता तिसरा प्रश्न, ज्यामुळे परदेशी याद्या इथे आडव्या पडायच्या.

२००० नंतर पाश्चात्य हौशी मंडळींचा सगळा जीव "आवाज" या एका गोष्टीत अडकलेला असायचा. दिवाणखान्यात बसून सिनेमा बघताना पंख्याची घरघर ऐकू येता कामा नये. मग हळू फिरणारे पंखे, पंखाच नसलेले हीटसिंक, रबरावर टांगलेल्या हार्ड डिस्क. आता हे सगळं अशा घरात आणून ठेवा जिथे खिडकीत भलामोठा कूलर मार्चअखेरपासून जूनपर्यंत विमानासारखा चालू आहे. कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येणं सोडा, सिनेमातल्या नायिकेचं बोलणं ऐकू आलं तरी नशीब.

म्हणजे नागपूरकराला शांततेसाठी पैसे मोजायची गरजच नव्हती. त्याला थंडाव्यासाठी मोजावे लागायचे. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. (मे २०२४ मध्ये तर हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. नंतर खात्यानेच सांगितलं की सेन्सर चुकला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात सेन्सरचंही डोकं फिरतं.)

हिशेब साधा आहे. हीटसिंक प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त फरक कमी ठेवतो. समजा साठ वॅटचा प्रोसेसर आहे आणि त्याचा हीटसिंक दर वॅटमागे ०.४ अंशाचा फरक ठेवतो. म्हणजे प्रोसेसर हवेपेक्षा २४ अंश जास्त. खोली २५ अंशांवर, कॅबिनेटच्या आतली हवा ३५, तर प्रोसेसर ५९. छान. तेच खोली ४० वर गेली की कॅबिनेटमध्ये ५० आणि प्रोसेसर ७४. परदेशी परीक्षणात "गार" ठरलेला डबा इथे धापा टाकायला लागतो.

म्हणून इथे एएमडी की इंटेल हा वाद वेगळ्या अंगाने व्हायचा. सुरुवातीचे अ‍ॅथलॉन पैशाच्या मानाने वेगवान, पण हीटसिंक निसटला तर स्वतःला वाचवायची सोय त्यांच्यात नव्हती. २००१ साली एका परदेशी संकेतस्थळाने चालू अ‍ॅथलॉनवरचा हीटसिंक काढून तो जळताना दाखवणारा व्हिडिओ केला होता. पेंटियम ४ मात्र तशा वेळी स्वतःचा वेग कमी करायचा. "एएमडी गरम होतो" हे वाक्य त्यानंतर किती वर्षं ऐकावं लागलं! खरं तर २००४ मध्ये आलेला इंटेलचा प्रेस्कॉट पेंटियम ४ काही कमी तापट नव्हता, शंभर वॅटच्या पुढचा गडी.

आणि कूलरची हवा थंड असली तरी कॉम्प्युटरला थेट मानवत नाही. कूलर बाहेरची धूळ आणि पाण्याचा बारीक तुषार दोन्ही आत आणतो. डबा त्या झोतात ठेवला की हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा लेप बसतो आणि मग त्यातून हवाच जात नाही. म्हणून माझा जुना सल्ला : डबा कूलरच्या खोलीत ठेवा, पण झोताच्या बाजूला ठेवा, आणि मार्चमध्ये कूलरच्या ताट्या बदलाल त्याच दिवशी हीटसिंकही ब्रशने साफ करा. एकच सण, दोन कामं.

भारनियमन, यूपीएस आणि रात्रीचे सहा तास

२००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने भारनियमनात काढली. विदर्भात वीज तयार होते, कोराडी आणि खापरखेडा तर नागपूरच्या वेशीवर, आणि तरी वीज जाते, हा गप्पांचा हक्काचा विषय होता. होम थिएटरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की यूपीएस ही चैन नसून यंत्राचाच एक भाग झाला.

साध्या घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. पेंटियम ४ आणि काचेचा मॉनिटर मिळून दीडशे वॅट ओढत असतील तर प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं. त्यातही लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. परदेशात चार वर्षं चालणारी बॅटरी इथे दोन उन्हाळ्यांत "गेली". कमी वॅटचं यंत्र निवडण्याचं खरं कारण इथे होतं, पर्यावरण वगैरे नंतर.

दुसरं कारण इंटरनेट. बीएसएनएलचं डेटावन जानेवारी २००५ मध्ये आलं, वेग २५६ केबीपीएस, आणि महिन्याला मोजून मापून डेटा. पण काही प्लॅन्समध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत असायचा. आता हिशेब करा. २५६ च्या वेगाने सहा तासांत उतरतात साधारण ६९० एमबी. म्हणजे जवळजवळ एक सीडी. दर रात्री एक सीडी! (लिनक्सची आयएसओ हो, दुसरं काय.) १९९९ मध्ये आलेल्या डिव्हएक्सने अख्खा सिनेमा एका सीडीत बसवायची सोय करून ठेवली होतीच.

पण त्यासाठी यंत्र रात्रभर चालू हवं. शंभर वॅटचा डबा चोवीस तास ठेवला तर महिन्याला ७२ युनिट. बिल बघून वडील विचारणार, "हे काय चालू ठेवतोस रात्रभर?" आणि या प्रश्नाला कुठल्याही बेंचमार्कमध्ये उत्तर नव्हतं.

केबलची वायर आणि ३१ मार्च २०१३

चित्राचा दुसरा मोठा स्रोत म्हणजे केबल. छपरावरून आलेली काळी वायर सरळ टीव्हीच्या मागे. तीच वायर कॉम्प्युटरमधल्या टीव्ही ट्यूनर कार्डाला लावली की सगळे चॅनेल मॉनिटरवर, आणि हवं ते रेकॉर्ड करा. कार्डावर नाव कुठलंही असो, आत बहुधा बीटी८७८ किंवा फिलिप्सची एसएए७१३४ चिप असायची, त्यामुळे लिनक्सवरही चालायचं.

अमेरिकेत आयझॅक रिचर्ड्स नावाच्या प्रोग्रामरने एप्रिल २००२ मध्ये मिथटीव्ही लिहायला घेतलं, केबल कंपनीने दिलेल्या डब्याला कंटाळून. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी मीडिया सेंटर आणलं. दोन्हींची खरी मजा कार्यक्रमांच्या वेळापत्रकात होती, म्हणजे मालिकेचं नाव सांगायचं, बाकी यंत्र बघेल. आपल्याकडे केबलवाला चॅनेल मनाला येईल तेव्हा इकडचा तिकडे करायचा. काल ज्या नंबरवर क्रिकेट होतं तिथे आज भजनं. कुठलं सॉफ्टवेअर त्याच्यापुढे टिकणार? म्हणून आपल्याकडचं रेकॉर्डिंग म्हणजे कोणीतरी आठवणीने बटण दाबणं, एवढंच राहिलं.

मग ट्यूनर कार्डाचा शेवट आला, तोही तारखेनिशी. केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने झालं. पहिल्या टप्प्यात महानगरं, आणि दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नागपूर होतं. मुदत ३१ मार्च २०१३. त्यानंतर वायर तीच, पण त्यातून येणारं चित्र कुलूपबंद डिजिटल, आणि किल्ली सेट-टॉप बॉक्सकडे. योगायोग बघा, नागपुरातली जकातही त्याच मध्यरात्री संपली आणि १ एप्रिलपासून एलबीटी सुरू झाला. म्हणजे ज्या दिवशी बाहेरून येणाऱ्या ट्यूनर कार्डावरची जकात गेली, त्याच दिवशी ट्यूनर कार्डाचं कामही गेलं!

पुन्हा सोऱ्या : ७८०जी ते रास्पबेरी पाय

तोपर्यंत एचडी आलं होतं. एच.२६४ हे घडीचं मानक २००३ चं, आणि फुल एचडी चित्राची ही घडी उलगडताना स्वस्त प्रोसेसर अक्षरशः गुडघे टेकायचे. मार्च २००८ मध्ये एएमडीचा ७८०जी चिपसेट आला. मदरबोर्डवरच्या ग्राफिक्समध्ये एच.२६४ उलगडायचं पूर्ण सर्किट, मागे एचडीएमआय. सर्वांत स्वस्त प्रोसेसर लावा, तरी एचडी सिनेमा सुरळीत. माझ्या मते "स्वस्तातला होम थिएटर पीसी" हे शब्द खऱ्या अर्थाने इथे शक्य झाले. पुढच्याच वर्षी इंटेलच्या दुबळ्या अ‍ॅटम प्रोसेसरला एनव्हिडियाच्या आयनची जोड मिळाली आणि पुस्तकाएवढा डबा तेच काम करायला लागला.

आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय. ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जेमतेम सतराशे रुपये, वर कर आणि टपाल. ७०० मेगाहर्ट्झचा मरतुकडा प्रोसेसर, पण त्याच चिपमध्ये फुल एचडी एच.२६४ उलगडणारं सर्किट. ही चिप मुळात पायसाठी घडवलेली नव्हतीच. रोकू २ या अमेरिकेतल्या टीव्हीच्या डब्यातही तीच होती. १९९३ च्या व्हीसीडीची गोष्ट पुन्हा घडली : दुसऱ्याच कोणासाठी लाखोंनी बनणारी चिप, आणि तिच्या जिवावर आपली स्वस्ताई.

पाय तीन-चार वॅटवर चालतो. चोवीस तास ठेवला तरी महिन्याला तीन युनिटच्या आत. पंखा नाही, कूलरच्या धुळीची भीती कमी, आणि यूपीएसवर तासन् तास. वर एक्सबीएमसी, ज्याचं २०१४ मध्ये कोडी असं नामकरण झालं. नागपूरसाठीच बनवलाय असं वाटावं असं यंत्र!

पण सोऱ्याला एकच चकती असते. पायवर एचडी चालायचं, आणि डीव्हीडीची जुनी घडी मात्र उलगडायची नाही. त्या सर्किटचा परवाना वेगळा, २ पौंड ४० पेन्सचा, विकत घ्यावा लागायचा. आणि २०२३ मधल्या पाय ५ मध्ये तर एच.२६४ चं सर्किटच काढून टाकलंय, ते काम परत आचाऱ्याकडे, कारण आता तो पुरेसा तगडा झालाय.

काडी आली, कपाट राहिलं

डिसेंबर २०१४ मध्ये क्रोमकास्ट भारतात २,९९९ रुपयांना आलं, एप्रिल २०१७ मध्ये फायर टीव्ही स्टिक ३,९९९ ला. तेव्हापासून नातेवाईकांच्या प्रश्नाचं सोपं उत्तर म्हणजे "काडी घ्या". स्ट्रीमिंगच बघायचं असेल तर आजही तेच उत्तर आहे. घरी जुळवलेल्या पीसीला स्ट्रीमिंगवाले दुय्यम वागणूक देतात. लिनक्सवर ब्राउझरमधून बघायला गेलात तर बहुतेक ठिकाणी ४के मिळतच नाही, कारण कुलूप आता वायरमध्ये नसून चिपमध्ये आहे. काडीत ते मान्यताप्राप्त कुलूप असतं, आपल्या डब्यात नसतं.

मग होम थिएटर पीसी कशाला हवा? माझं उत्तर आहे लग्नाच्या व्हीसीडी.

साधारण १९९८ ते २०१० या काळात आपल्याकडे ज्यांची लग्नं, मुंजी, साठीशांती झाल्या, त्यांच्या कपाटात फोटोग्राफरने दिलेला तो सोनेरी अक्षरांचा डबा असतो. दुकानातल्या सिनेमांचं काय व्हायचं ते झालं. मोझर बेअरने २००७ मध्ये २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी विकून बाजार हलवला, आणि २०१८ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली. पण तो सिनेमा दुसरीकडे कुठेतरी मिळतोच. तुमच्या आत्याच्या लग्नाची प्रत दुसरीकडे कुठेही नाही.

आणि ती नाजूक आहे. सीडीवर साधी फाइल लिहिताना प्रत्येक २,०४८ बाइटांमागे चुका दुरुस्त करणारी जादा माहिती असते. व्हीसीडीने जागा वाचवण्यासाठी त्यातला एक थर काढला आणि त्याच जागेत २,३२४ बाइट चित्र भरलं. सिनेमात एखादा चौकोन फुटला तर चालतं, असा तो हिशेब. शिवाय फोटोग्राफरची डिस्क छापलेली नसते, लेझरने रंगद्रव्यावर लिहिलेली असते, आणि उष्णतेत ते रंगद्रव्य लवकर उतरतं. नागपूरचं लोखंडी कपाट, पश्चिमेची भिंत आणि वीस उन्हाळे. पुढचं सांगायला नको.

गेल्या दिवाळीत मी आमच्या घरच्या चौदा डिस्क कॉपी करायला बसलो. अकरा पहिल्या झटक्यात निघाल्या, दोन हळू वेगावर आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर, एक निघालीच नाही. दोनपैकी एकीत आजोबा मंगलाष्टक म्हणतात. जेमतेम दीड मिनिट. त्यांचा आवाज घरात आणखी कुठेही रेकॉर्ड केलेला नाही.

म्हणून आज कोणी विचारलं तर मी असं सांगतो. सर्वांत आधी यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, कारण पुढे तो मिळणं कठीण होत जाणार. कपाटात कॅसेटही असतील आणि प्लेअर अजून चालू असेल, तर जुनं ट्यूनर कार्ड फेकू नका. केबल गेली तरी त्याच्या मागचं पिवळं भोक कॅसेटचं चित्र आत घ्यायला उपयोगी पडतं. मग ऑफिसातून निघालेला जुना छोटा पीसी बघा. इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची, कारण सातवीपासून दहा-बिटचं एचईव्हीसी सर्किटमध्येच उलगडतं. विंडोज ११ सातव्या पिढीला अधिकृतपणे चालत नाही, म्हणून असे डबे स्वस्तात मिळतात. आपल्याला लिनक्स आणि कोडी पुरतं. नवाच हवा असेल तर एन१०० वाला, सहा वॅटचा प्रोसेसर, एव्ही१ सकट सगळ्या चकत्या असलेला. शेवटी दोन हार्ड डिस्क. एक डब्याला, दुसरी दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात.

व्हीसीडीतल्या "एमपीईजीएव्ही" फोल्डरमधली डॅट फाइल नुसती कॉपी केली तरी व्हीएलसीमध्ये चालते. रूपांतराच्या भानगडीत पडू नका, मूळ फाइल तशीच जपा. एक लाख ठिपक्यांचं चित्र पंचावन्न इंची टीव्हीवर कसं दिसेल ते विचारू नका, बसलेले लोक तरी काही बोलणार नाहीत. आमच्याकडे तर त्यात कोण कोण ओळखू येतं यावरच दोन तास गेले.

असो, बरंच लांबलं. आता कपाट उघडून डिस्क मोजा, आणि हे काम उन्हाळ्याच्या आधी उरका. एप्रिलनंतर तसंही कोणाला कपाटापर्यंत जायचा उत्साह राहत नाही :)